ईओआरची नोकरी चोपड्याहून जर्मनीला नेता येते का?

केळीबाग_वायफाय

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धा विचारला की उत्तरही अर्धंच मिळतं, म्हणून सगळंच लिहिते.

मी चोपडा तालुक्यात सासरी राहते. तीन वर्षांपासून एका डच कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्या कंपनीची भारतात शाखा नाही. म्हणून माझं नेमणूकपत्र बंगळुरूच्या एका ईओआर कंपनीचं आहे. ईओआर म्हणजे एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, कागदावरचा मालक. पगार, पीएफ, टीडीएस, फॉर्म १६ सगळं बंगळुरूहून येतं. काय टेस्ट करायचं आणि कधीपर्यंत, ते ॲमस्टरडॅमची मॅनेजर सांगते. बंगळुरूचं कुणी मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वाढदिवसाला तेवढा ईमेल येतो.

पहिली पगारपावती आली तेव्हा प्रिंट काढून आबांना, म्हणजे सासऱ्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती खालपर्यंत वाचली, व्यवसाय कराच्या २०० रुपयांवर बोट ठेवलं आणि मग कंपनीचं नाव पाहून म्हणाले, "पगार एक जण देस नि काम दुसरानं! हाऊ ते मुकादमना धंदा शे बेटा." आमच्या बागेत केळीच्या कटाईला टोळी येते. माल व्यापाऱ्याचा, हिशेब मुकादमाचा, आणि घड खांद्यावर घेऊन पळणाऱ्या पोराला व्यापाऱ्याचं नावही माहीत नसतं. तेव्हा मला राग आला होता. पण खरं सांगू का, ईओआर इतक्या कमी शब्दांत मला एचआरवाल्यांनीसुद्धा समजावलं नव्हतं.

आता मुद्दा. आमचे हे दिवाळीनंतर जर्मनीला गेले, श्टुटगार्टजवळ, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना तिथे नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर. माझी फॅमिली व्हिसाची फाइल मुंबईला जमा झाली आहे. (ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही, हे कळल्यावर मी ए१चं पुस्तक मिटून ठेवलं. त्याबद्दल रागवायचं असेल तर शेवटी रागवा.) डच मॅनेजर म्हणते, तू कुठेही गेलीस तरी आम्हाला हवीस, पण कसं ते ईओआरशी बोलून ठरव. ईओआरला विचारलं तर अकरा दिवसांत तीन वेगवेगळ्या नावांनी एकच परिच्छेद तीनदा आला.

काम मी माडीवरून करते. उन्हाळ्यात आपल्या साडेबाराला त्यांचे नऊ वाजतात, हिवाळ्यात दीडला. मे महिन्यात वरचा पत्रा असा तापतो की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो आणि मीटिंगमध्ये लोक विचारतात, तुझ्या मागे ट्रॅक्टर चालू आहे का. कधी कधी खरंच असतो. सांगायचं एवढंच की काम इथूनही चालतं, तिथूनही चालेल. मग जर्मनीत गेल्यावर हाच भारतातला करार चालू ठेवला, पगार इथल्याच खात्यात आला, तर कुणाचं काय बिघडतं? करारात "कामाचे ठिकाण: चोपडा, जि. जळगाव" असं छापलेलं आहे, तेवढंच खटकतं.

दुसरं, फॅमिली व्हिसा येईपर्यंत तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर जाऊन ह्यांच्या घरी बसून काम केलं तर? तिसरं, जर्मनीतल्या ईओआरकडे बदली झाली तर पगार काय मागावा? सध्या महिन्याला पावणेदोन लाख आहेत, कापाकापीच्या आधीचे. आणि एक चौथं, ते माझं नाही. माझा दीर धुळ्याला आहे, त्याला वाटतं की वहिनीसारखा ईओआर पकडला की जर्मनीचा व्हिसा आपोआप मिळतो. त्याला काय सांगू?

बिनधास्त_शिरपूर

वहिनी, एवढा घोळ कशाला? घरच्या राउटरवर व्हीपीएन बसवून द्या, जर्मनीतून त्यालाच जोडा. कंपनीला तुम्ही चोपड्यातच दिसाल. अर्धी दुनिया हेच करते.

पांझराकाठ

वरच्या भाऊंच्या सल्ल्यावर मी चाललो होतो, म्हणून लिहितो. २०२३ ची गोष्ट. धुळ्याच्या घरी राउटर, त्यावर व्हीपीएन, आणि मी थायलंडला टुरिस्ट म्हणून. पाच आठवडे मजेत गेले. सहाव्या आठवड्यात मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली. लॅपटॉपनं घड्याळ आपोआप तिथल्या वेळेवर लावून घेतलं होतं, आपल्यापेक्षा दीड तास पुढे. मॅनेजर दिल्लीचा. तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "तुमच्याकडे साडेपाच कसे वाजले?" मी म्हटलं घड्याळ बिघडलंय. एवढं बोलून मी स्वतःच्या हातानं खड्डा खोदला, कारण त्यानंतर आयटीवाल्यांनी सगळे लॉगिन काढले. नोकरी गेली ती थायलंडमुळे नाही, त्या एका वाक्यामुळे गेली. रिलीव्हिंग लेटर मिळायला चार महिने लागले.

आता तिथे रीतसर सोय आहे. जुलै २०२४ पासून डीटीव्ही नावाचा व्हिसा आहे, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. पण एक गंमत ध्यानात घ्या. असल्या नोमॅड व्हिसाची, म्हणजे परदेशात बसून आपलंच ऑनलाइन काम करणाऱ्यांच्या व्हिसाची, अट असते की मालक त्या देशाबाहेरचा हवा. आणि ईओआरचा अर्थच असा की मालक त्या देशातला हवा. दोन्ही रस्ते उलट्या दिशेचे आहेत, आणि लोक दोन्हीची खिचडी करून प्रश्न विचारतात. तुमच्या बाबतीत नोमॅडबिमॅडचा संबंधच नाही, तुम्ही राहायला चालल्या आहात.

नेकरकाठचा_भुसावळकर

ताई, मी तुमच्याच जागी होतो. माझी बायको इथे आधी आली, मी मागून आलो. माझी कंपनी कॅनडाची, भारतात ईओआर, आता जर्मनीत ईओआर. दीड वर्ष होत आलं. म्हणून जे लिहितो ते सोसलेलं आहे.

भारताचा करार चालू ठेवून इथे बसून काम करणं: नको. काम ज्या जमिनीवर बसून करता, त्या जमिनीचे नियम लागतात. पगार कुठल्या खात्यात पडतो याला इथे कुणी विचारत नाही. तुम्ही कायमच्या राहायला येताय, म्हणजे कर इथला, आरोग्य विमा आणि पेन्शनची वर्गणी इथली. बंगळुरूची कंपनी ती भरू शकत नाही, कारण ती इथे मालक म्हणून नोंदलेलीच नाही. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात पीएफ कार्यालयाचं कव्हरेज सर्टिफिकेट घेऊन इथली वर्गणी टाळता येते. पण ते मालकानं कामासाठी पाठवलेल्या माणसाला. नवऱ्याकडे राहायला आलेल्याला ते बसत नाही. मीही ते सर्टिफिकेट मागून पाहिलं होतं, हात हलवत परत आलो.

व्हिजिट व्हिसावर काम करायची परवानगी नसते. ह्यांच्या हातचं खा, फिरा, सुट्टी टाकून या. लॅपटॉप घरी ठेवा. फॅमिली व्हिसाची फाइल आत असताना असली भानगड अंगावर घ्यायचीच कशाला?

चांगली बातमी अशी की फॅमिली व्हिसावर तुम्हाला कुठलीही नोकरी करता येते. पासपोर्टवरच्या स्टिकरवर "एरव्हेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट" अशा अर्थाचे शब्द असतात, म्हणजे काम करायला मोकळीक. स्टिकर हातात पडला की आधी तेच वाचा. काम करायची परवानगी तुम्हाला त्या स्टिकरनं मिळते, ईओआरनं नाही. ईओआर फक्त परवानगी असलेल्या माणसाला इथला मालक मिळवून देतो.

तुमच्या दिराचं म्हणून जमत नाही. इथल्या कायद्यात ईओआर हा माणूस भाड्यानं देण्याचा धंदा धरतात (आबांचा मुकादम बरोबर आहे!). त्याला रोजगार खात्याचा परवाना लागतो, आणि अशा भाड्याच्या नोकरीसाठी बाहेरून नवा कामाचा व्हिसा मागितला तर रोजगार खातं संमती देत नाही. तुमचा व्हिसा लग्नाचा, त्याला ती संमती लागतच नाही. दिराला इथली खरी कंपनी शोधायला सांगा.

त्याच कायद्यात आणखी एक काटा आहे, तो ईओआरची विक्री करणारी मुलगी सांगणार नाही. एकाच कंपनीकडे असा भाड्याचा माणूस साधारण १८ महिनेच ठेवता येतो. मला हे चौदाव्या महिन्यात कळलं. झोप उडाली होती. तुम्ही आजच डच मॅनेजरला विचारा की अठरा महिन्यांनंतर काय. तुमची कंपनी युरोपातली आहे, हे तुमचं नशीब. ती जर्मनीत शाखा न उघडतासुद्धा इथला मालक-नंबर, बेट्रिब्सनुमर म्हणतात त्याला, तो घेऊन तुम्हाला थेट नोकरीवर ठेवू शकते. माझ्या कॅनडावाल्यांना हे नवीन होतं, समजावता समजावता नाकी नऊ आले.

पगार. तुम्ही लाजून मागू नका, कारण सध्याचा आकडा इथे बेकायदा आहे. युरो शंभर रुपये धरला तर पावणेदोन लाख म्हणजे १,७५० युरो. २०२६ पासून इथली किमान मजुरी ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याचे २,४०० च्या वर जातात. म्हणजे इथे झाडू मारणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त द्यावे लागतात. "होता तोच पगार युरोत" असं पत्र आलं तर हे गणित करून पाठवा. तुमच्या ग्रॉसवर कंपनीला अजून वीस-एकवीस टक्के वर्गणीचे आणि ईओआरची फी वेगळी, हे त्यांना माहीत असतंच. त्याचं ओझं तुम्ही मनावर घेऊ नका.

आणि टपालपेटी! हसू नका. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, मग कर-नंबर टपालानं घरी येतो. इथे पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आमच्या पेटीवर फक्त बायकोचं माहेरचं आडनाव होतं, पासपोर्टप्रमाणे. माझं पत्र परत गेलं. नंबर नाही म्हणून ईओआरनं पहिला पगार सहाव्या कर-वर्गात कापला, जिथे सगळ्यात जास्त कापतात. हातात आले ते पाहून मी बायकोला म्हटलं, यापेक्षा भुसावळ जंक्शनला वडापाव विकला असता. नंतर पैसे परत मिळाले, पण तो महिना उधारीवर गेला. तुमच्या ह्यांना आजच फोन करा आणि पेटीवर तुमचं नाव चिकटवायला सांगा.

जळगावचा_हिशेबनीस

कराचा धंदा आहे माझा, म्हणून फक्त भारताची बाजू लिहितो.

ताई, निघायची तारीख आधी मला विचारायची, मग तिकीट काढायचं. करासाठी भारताचा रहिवासी कोण हे ठरवताना, नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाला त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांची कसोटी असते. नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्याला मात्र दुसरी कसोटीही लागते: वर्षात ६० दिवस भारतात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५. तुमची चार वर्षं तर पूर्ण इथेच गेली. म्हणजे एक एप्रिलपासून ६० दिवस भरले की कुणीतरी तुम्हाला त्या वर्षापुरतं भारताचं रहिवासी म्हणू शकतं, आणि मग जर्मनीचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवा, दोन देशांच्या कराबाबतच्या कराराचा आधार घ्या, तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मागा, असं लचांड मागे लागतं. निस्तरता येतं, पण फी माझी वाढते. साठावा दिवस ३० मे. त्याच्या आत निघता आलं तर निघा. नाही जमलं तर तिकडच्या नेमणूकपत्राची तारीख जाण्याच्या आधीची असू द्या, म्हणजे नोकरीसाठी गेले असं म्हणायला कागद राहतो.

बाकी भराभर: बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्या, बँकेला न सांगता तसंच वापरत राहू नका. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालेल, पुढे वाढवता येणार नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तुमची तीन झाली; पगाराच्या पत्रात ती रक्कम वार्षिक पॅकेजमध्ये धरलेली असेल, ती विसरा. बंगळुरूची नोकरी रीतसर राजीनामा देऊन सोडा. "बदली" हा शब्द ते तोंडी वापरतील, पण तिकडची कंपनी कायद्यानं वेगळी आहे, करार नवा होणार.

बिनधास्त_शिरपूर

घ्या, मी दोन ओळींत सांगितलं होतं, तुम्ही पोथी उघडली. पण ते घड्याळाचं मला खरंच माहीत नव्हतं भो. आत्ता माझं जाऊन बघितलं.

केळीबाग_वायफाय

आखाजी (अक्षय तृतीया) होऊन पंधरा दिवस झाले, आता कळवते. उशिराबद्दल माफी.

व्हिसा आला. स्टिकरवरचा तो लांबलचक शब्द आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि सासूबाईंनी, अक्षर अक्षर लावून वाचला. भुसावळकर दादा, तुमच्या १८ महिन्यांच्या प्रश्नावर मॅनेजर आधी गप्पच झाली. मग त्यांच्या वकिलाला विचारून आली आणि म्हणाली, आधी ईओआरवर घेतो, आणि तेराव्या महिन्यात थेट नोंदणीचं काम सुरू करू. मी म्हटलं हे ईमेलमध्ये लिहून द्या. दिलं. पगाराचं पहिलं पत्र वर्षाला २४ हजार युरोचं आलं होतं! मी तुमचं किमान मजुरीचं गणित जसंच्या तसं पाठवलं. दोन दिवसांनी "आमच्याकडून जुना तक्ता वापरला गेला" असं उत्तर आलं आणि आकडा ४४ हजारांवर गेला. तक्ता जुना होता की मी नवी होते, देव जाणे.

हिशेबनीस दादा, तिकीट २४ मेचं काढलं. राजीनाम्याची मुदत ३० दिवसांची होती, तेवढी बसली. जर्मनीचा करार एक जूनपासून आहे. मधला आठवडा बिनपगारी, पण त्या आठवड्यात पत्ता नोंदवायचा आहे. पेटीवर नाव लागलंय, ह्यांनी फोटो पाठवला. आडनावाचं स्पेलिंग चुकवलं होतं, दुसऱ्यांदा लावायला लावलं.

दिराला सांगितलं. त्याला पटलं नाही, पण त्यानं मी मिटलेलं ए१चं पुस्तक धुळ्याला नेलंय.

आबा रोज एकच विचारतात, तिकडचा मुकादम कोण. मी सांगितलं, आबा, तिकडे मुकादमाला परवाना लागतो आणि एका व्यापाऱ्याकडे एक माणूस दीड वर्षच ठेवता येतो. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, मग इथंही तसाच कायदा पाहिजे होता, आपल्या मुकादमानं पोरांची उचल दोन वर्षं फिरवली आहे.

आज बंगळुरूचा लॅपटॉप परत पाठवला. कुरिअरसाठी बरोबर मापाचा खोका गावात मिळेना, तर आबांनी शेडमधून निर्यातीचा केळीचा खोका आणून दिला, भोकं असलेला. आत जुन्या चादरी कोंबल्या, वर टेप मारला. कुरिअरवाल्या पोरानं तो उचलून कानाशी हलवला आणि विचारलं, "ताई, माल पिकेल ना तिथपर्यंत?"